दोन पाळ्यांमधली गोष्ट : एका डायलिसिस विभागातील कामाच्या आनंदाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सर्वसाधारण रुग्णालयातील डायलिसिस विभागाचे, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त मशीनने शुद्ध करणाऱ्या विभागाचे आहे. ओळख पटू नये म्हणून व्यक्तींचे आणि जागेचे तपशील बदलले आहेत. विभागात दहा मशीन होती आणि दिवसाला दोन पाळ्या चालत. परिचारिका, डायलिसिस तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी आणि रोज फेरीला येणारे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, एवढ्या माणसांवर विभागाचा गाडा चाले आणि तो वेळेवर चाले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात खोट काढायला जागा नव्हती.

डायलिसिसचे काम वॉर्डातल्या कामापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. वॉर्डात रुग्ण येतो, बरा होतो किंवा होत नाही, आणि जातो. इथे तोच माणूस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, बहुतेक वेळा त्याच खाटेवर असतो. वर्षाला अशा दीडशेहून अधिक भेटी होतात आणि हे वर्षानुवर्षे चालते. विल्यम कोल्फ यांनी 1943 मध्ये पहिले उपयोगी पडणारे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले, तेव्हा ते काही दिवसांच्या संकटापुरते होते. 1960 मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम राहणारी जोडनळी वापरात आणली आणि 1966 मध्ये हातातील धमनी व शीर जोडून फिस्तुला करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यानंतरच जुनाट मूत्रपिंडविकाराचा रुग्ण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू लागला. सिस्टर आणि रुग्ण यांच्यात दहा-दहा वर्षांची ओळख होण्याचा प्रकार वैद्यकीय व्यवसायात तसा नवाच आहे, आणि तो कसा निभवायचा हे अभ्यासक्रमात सहसा शिकवले जात नाही.

कामाचा क्रम ठरलेला असतो. रुग्णाचे वजन करायचे, फिस्तुलावर बोटे ठेवून थरथर लागते का पाहायची, दोन जाड सुया टोचायच्या, नळ्या जोडायच्या, अंगात साठलेले किती पाणी काढायचे ते मशीनला सांगायचे, मग ठरावीक वेळाने बीपी घ्यायचे, नोंदी करायच्या, अलार्म वाजला की धावायचे. शेवटी सुया काढून जागा दाबून धरायची, पुन्हा वजन, मशीनचे निर्जंतुकीकरण, नव्या नळ्यांचे प्राइमिंग (त्यांत सलाइन भरून हवा काढणे), आणि बाहेर पुढच्या पाळीचे रुग्ण घड्याळाकडे पाहत बसलेले. दोन पाळ्यांमधला हा काळ सर्वांत घाईचा असतो.

समस्या

इन्चार्ज सिस्टरांनी प्रशिक्षण विभागाकडे जो प्रश्न आणला तो तक्रारीच्या स्वरूपाचा नव्हता. विभागात फार शांतता आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कर्मचारी मशीनजवळ जात, बटणे दाबत, नोंद करत आणि पुढच्या खाटेकडे वळत. एका वृद्ध रुग्णाने फेरीच्या वेळी डॉक्टरांना सांगितले, ‘‘सगळं नीट चाललंय, फक्त इथं माझ्याशी मशीनच तेवढं बोलतं.’’ दोन अनुभवी परिचारिकांनी बदलीचे अर्ज दिले होते. कारण विचारल्यावर दोघींनीही ‘काही नाही, सहज’ असे उत्तर दिले होते.

क्रिस्तिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यात तीन बाजू मानल्या आहेत : भावनिक दमणूक, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहू लागणे, आणि आपल्या हातून काही घडते आहे ही भावना कमी होणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या थकव्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले. हा भेद शब्दच्छल वाटला तरी व्यवहारात फार उपयोगाचा आहे, कारण आजार म्हटले की उपचार माणसावर होतात आणि कामाची घटना म्हटले की कामाकडे पाहावे लागते. या विभागात मोजपट्टीतील दुसरी बाजू, माणसाकडे वस्तू म्हणून पाहणे, ठळक होती. ‘चार नंबरचं बीपी पडलंय’, ‘सात नंबर आज जास्त पाणी घेऊन आलाय’ अशी भाषा रुळली होती. ती सोयीची असते आणि घाईत ती वापरणाऱ्याला दोष देता येत नाही; पण इतर कोणतीच भाषा ऐकू येईनाशी झाली की चिंता करावी.

प्रशासनाने आधी एक उपाय करून पाहिला होता. एक ‘आनंद सप्ताह’ जाहीर झाला. प्रत्येकाने छातीवर हसऱ्या चेहऱ्याचा बिल्ला लावायचा आणि रोज दुपारी दहा मिनिटे हास्यव्यायाम करायचा. ती दहा मिनिटे नेमकी पाळ्यांच्या अदलाबदलीत येत होती. सिस्टरांनी बिल्ले लावले, व्यायामाच्या पत्रकावर सह्या केल्या आणि व्यायाम केला नाही. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याने विभागात एक दिवस उभे राहून पाहिले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

आमच्या निरीक्षणात एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. विभागातून हसणे नाहीसे झाले नव्हते. ते सामानाच्या खोलीत गेले होते. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यांच्या, खोक्यांमागे दार लोटून दोघे-तिघे उभे राहिले की तिथे विनोद चालत, आणि ते काळेकुट्ट असत : मरणाचे, रक्ताचे, प्रशासनाचे, क्वचित रुग्णांचेही. दार उघडून बाहेर आले की चेहरे पुन्हा कोरे होत. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले. या माणसांना खेळकरपणा शिकवण्याची गरज नव्हती. तो त्यांच्याकडे होता. रुग्णांसमोर तो चालतो की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना बाहेरून प्रशिक्षित विदूषक बोलावण्याची आली. या परंपरेला आधार आहे. मायकेल क्रिस्तेन्सन यांनी 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिग ॲपल सर्कसतर्फे रुग्णालयातील विदूषकांचे संघटित काम सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पसरले. 2020 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात 24 अभ्यासांतील 1612 मुलांचा विचार केला होता आणि विदूषकांच्या सहवासात वैद्यकीय प्रक्रियेच्या वेळची मुलांची चिंता कमी होते, असा कल त्यात दिसला. पण ते पुरावे मुलांविषयी आहेत. इथले रुग्ण प्रौढ होते, आणि मूळ प्रश्न कर्मचाऱ्यांच्या कामातील आनंदाचा होता. पाहुणा येऊन हसवून गेल्यावर मागे राहिलेली माणसे तितकीच गप्प राहतील, असा अंदाज इन्चार्ज सिस्टरांनी वर्तवला आणि तो आम्हाला पटला.

दुसरी सूचना कर्मचारी वाढवण्याची. ती योग्यच होती. प्रशासनाने ती नोंदवून घेतली आणि तिथेच ती राहिली.

तिसरी सूचना एका तरुण परिचारिकेची होती आणि ती वरवर आकर्षक होती : दोन डायलिसिसच्या मध्ये रुग्णाच्या अंगात पाणी साठून जे वजन वाढते, त्याची स्पर्धा लावावी. कमी वजन वाढवून येणाऱ्याचे नाव फळ्यावर. यामुळे पथ्यही पाळले जाईल आणि गंमतही येईल, असा तिचा युक्तिवाद होता. या सूचनेचे काय झाले ते पुढे येते.

चौथा मार्ग कंटाळवाणा होता. आधी कामातील निरर्थक ओझे काढायचे आणि मग पाहायचे. हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेने 2017 मध्ये कर्मचाऱ्यांना एक सरळ प्रश्न विचारला होता : संगणकावरील नोंदींमध्ये तुम्हाला मूर्खपणाचे काय वाटते? रुग्णाची तासागणिक विचारपूस केल्याची नोंद करणारी एक क्लिक त्यातून रद्द झाली. एका नोंदीला लागणारी 24 सेकंदे वाचली आणि चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे 1700 परिचारिका-तास मोकळे झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने कामातील आनंदाविषयी जो आराखडा मांडला, त्याची सुरुवातही अशीच आहे : कर्मचाऱ्यांना विचारा की तुमच्यासाठी काय महत्त्वाचे आहे, आणि मग त्यांच्या बुटातले खडे, म्हणजे रोज टोचणाऱ्या बारीकसारीक अडचणी, शोधा.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना एकूण प्रकाराबद्दलच शंका होती. खेळीमेळीने लक्ष विचलित होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोर 1997 चा एक प्रयोग ठेवला गेला. कार्लोस एस्ट्राडा, ॲलिस आयझेन आणि मार्क यंग यांनी काही डॉक्टरांना निदानाचे एक कोडे सोडवण्याआधी गोळ्या-चॉकलेटांची छोटी पुडी भेट दिली होती. कोड्याचे खरे उत्तर यकृताचा विकार हे होते; भेट मिळालेल्या डॉक्टरांच्या मनात ती शक्यता लवकर आली आणि ते पहिल्याच तर्काला चिकटून राहिले नाहीत. प्रयोग लहान होता आणि त्यावर मोठा मनोरा बांधणे चुकीचे ठरेल. पण प्रसन्न मन म्हणजे बेसावध मन, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते, एवढे डॉक्टरांनी मान्य केले. त्यांनी एक अट घातली. सुया टोचताना आणि काढताना काहीही नको.

ही अट विभागाच्या पुढे फार कामी आली. अमेरिकेतील विमानवाहतुकीत 1981 पासून असाच नियम आहे : विमान 10,000 फुटांखाली असताना, म्हणजे उड्डाण आणि उतरणीच्या काळात, वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले बोलायचे नाही. डायलिसिसमध्ये धोका असाच सुरुवातीला आणि शेवटी दाटलेला असतो, आणि मधले तास, बीपी घसरले नाही तर, दोघांनाही लांबलचक वाटतात. खेळाला जागा असलीच तर ती या मधल्या तासांत होती.

काय केले

सुरुवात बोलण्याने झाली. प्रत्येक कर्मचाऱ्याला पाळी संपताना नव्हे तर ड्यूटीच्या वेळेतच, बदली माणूस देऊन, एकट्याला बसवून विचारले गेले. ‘गेल्या महिन्यात घरी जाताना बरे वाटले असा दिवस कोणता?’ या प्रश्नाला बहुतेकांनी रुग्णाचे नाव घेऊन उत्तर दिले, खाटेचा क्रमांक सांगून नाही. ‘रोज कशाने डोके उठते?’ या प्रश्नाची उत्तरे अगदी किरकोळ निघाली. तेच बीपी एकदा कागदी तक्त्यावर, एकदा रजिस्टरमध्ये आणि एकदा संगणकावर लिहावे लागे. वजनकाटा दाराआड होता, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतला रुग्ण आणताना दर वेळी एक खाट सरकवावी लागे. सुई टोचताना बसायच्या दोन स्टुलांपैकी एकाचे चाक निखळले होते, आणि त्याची मागणी कितीतरी वेळा लिहून गेली होती.

रजिस्टर बंद करायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ते कोणी सुरू केले हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यामुळे ते बंद करण्याचा अधिकार कोणाचा हेही ठरेना. अखेरीस डॉक्टरांनी, आपण ते कधी उघडूनही पाहिले नाही, असे लेखी दिले आणि ते कपाटात गेले. काटा हलला. नवे स्टूल आले, तेव्हा तंत्रज्ञाने त्यावर बसून विभागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. रुग्णांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खेळ हाच, आणि तो कोणत्याही आराखड्यात नव्हता.

त्यानंतर मुद्दाम काही करण्याऐवजी इन्चार्ज सिस्टरांनी फक्त परवानगी जाहीर केली. ज्याला जे सुचेल ते मधल्या तासांत करून पाहावे. रुग्णाची तयारी असावी. आणि दुसऱ्या दिवशी हँडओव्हरमध्ये, म्हणजे काम पुढच्यांकडे सोपवताना, एका वाक्यात सांगावे.

सर्वांत टिकलेली कल्पना भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावरची गोष्ट. सकाळच्या आणि दुपारच्या पाळीचे रुग्ण एकमेकांना कधी भेटत नसत. ते एकमेकांच्या खाटा तेवढ्या वापरत. एका परिचारिकेने सकाळच्या रुग्णांकडून एक-एक वाक्य घेऊन गोष्ट सुरू केली, ती अडचणीच्या जागी सोडली आणि खाली लिहिले, ‘पुढे दुपारवाल्यांनी सोडवावे.’ गोष्टीचा नायक स्वतःचा चष्मा हरवलेला एक गुप्तहेर होता. चौथ्या दिवशी, ज्यांना आवश्यकतेपलीकडे बोलताना कोणी ऐकले नव्हते अशा एका काकांनी आपल्या वाक्यात त्याला सरळ मारूनच टाकले. सकाळची पाळी अवाक झाली. दुपारी एका निवृत्त शिक्षिकेने त्याला जिवंत केले : मेलेला त्याचा जुळा भाऊ होता, आणि चष्माही त्याच्याच नाकावर होता. दोन दिवसांनी काका डायलिसिसला आले, ते वजन करायच्या आधी फळ्याकडे गेले. ‘‘सिस्टर, हा माणूस माझ्या हातून सुटायचा नाही,’’ असे त्यांनी जाहीर केले.

फळ्यावर लिहिण्याचे काम तंत्रज्ञ, परिचारिका आणि पुढे सफाई करणाऱ्या मावशी यांच्यात फिरत राहिले. वाक्य घ्यायला खाटेजवळ जावे लागे, थांबावे लागे, आणि रुग्ण विचार करत असताना त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे लागे. बीपी घेताना जे घडत नव्हते ते यात घडू लागले. एका परिचारिकेच्या लक्षात आले की नेहमी खोडकर वाक्य देणारे आजोबा त्या दिवशी ‘तुम्हीच लिहा काहीतरी’ म्हणाले. तिने ठरलेल्या वेळेआधीच बीपी घेतले, तर ते घसरू लागले होते. अशी उदाहरणे सांगायला गोड असतात आणि त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य करूनही ते नोंदवण्याजोगे वाटते.

निर्णयाचे तीन प्रसंग

पहिला प्रसंग वजनाच्या स्पर्धेचा. इन्चार्ज सिस्टरांनी ती चालू करू दिली, कारण ‘जे सुचेल ते करा’ असे म्हटल्यावर पहिल्याच मोठ्या कल्पनेला नकार देणे त्यांना अवघड वाटले. आठवड्याच्या आत काट्यावर विचित्र गोष्टी दिसू लागल्या. रुग्ण चपला, घड्याळ, स्वेटर काढून उभे राहू लागले. एका बाईंनी काट्याशेजारच्या भिंतीला हळूच हात टेकवला. हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. किती पाणी काढायचे हे याच वजनावरून ठरते. वजन खोटे कमी दिसले तर पाणी अंगात राहते आणि रुग्णाला घरी धाप लागते. उलट स्पर्धेत मागे पडलेला रुग्ण ‘आज सगळं काढून टाका’ असा आग्रह धरतो. पाणी काढण्याचा वेग ताशी किलोमागे 13 मिलीलीटरच्या वर गेला की मृत्यूचा धोका वाढलेला आढळतो. 60 किलोच्या माणसासाठी चार तासांत हे साधारण तीन लीटर होतात. शिवाय तहान ही केवळ मनोनिग्रहाची बाब नाही. मिठाचे प्रमाण, साखरेचा आजार, औषधे यांचा तिच्याशी संबंध असतो, आणि तळाला राहणाऱ्याला फळ्यावर नाव नसतानाही आपण तळाला आहोत हे कळतेच. स्पर्धा बंद झाली. ज्या आकड्यावर उपचार ठरतात तो आकडा खेळात आणायचा नाही, असा नियम झाला.

बंद करण्याची पद्धत मात्र चांगली होती. कल्पना मांडणाऱ्या परिचारिकेनेच हँडओव्हरमध्ये, काय दिसले आणि का थांबवायचे, हे सांगितले. ‘तुझ्यामुळे झाले’ असा सूर कोणी लावला नाही. तो लागला असता तर पुढची कल्पना कोणी मांडलीच नसती.

दुसरा प्रसंग एका तंत्रज्ञाच्या नकलेचा. तो मशीनच्या अलार्मची हुबेहूब नक्कल करत असे. कोणी नोंद करताना पेंगला की त्याच्या पाठीमागे आवाज काढायचा, आणि रुग्ण त्याला फर्माईश करायचे. एका दुपारी खरा अलार्म वाजला आणि जवळ उभी असलेली परिचारिका वळून मशीनकडे न पाहता त्याच्याकडे पाहून हसली. काही सेकंदांचाच उशीर झाला. नळीत हवेचा बुडबुडा आल्याचा तो अलार्म होता, आणि अशा वेळी मशीन स्वतःच पंप थांबवून रक्त शरीरात परत नेणारी नळी बंद करते, म्हणून रुग्णाला काही झाले नाही. पण सर्वच धोके मशीनला ओळखता येत नाहीत. परतीची सुई निसटली तर दाब पुरेसा न बदलल्याने अलार्म वाजेलच असे नसते, आणि मिनिटाला 300 मिलीलीटरच्या आसपास रक्त फिरत असताना चादरीखाली काय चालले आहे ते कळायला वेळ मिळत नाही. अलार्मचा आवाज ऐकून शरीर आपोआप वळले पाहिजे. तो शंभरातून एकदाही ‘बहुतेक गंमत असेल’ असा वाटता कामा नये.

इथे डॉक्टरांचा आग्रह सगळेच बंद करण्याचा होता. इन्चार्ज सिस्टरांनी वेगळे केले. त्यांनी तंत्रज्ञाला बाजूला घेऊन घडलेला प्रकार फक्त क्रमाने सांगितला. त्यानेच दुसऱ्या दिवशी रुग्णांना सांगितले की आता अलार्म काढायचा नाही, हवा तर लिफ्टचा आवाज काढून दाखवतो. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या : इतरांशी जोडणारी, स्वतःला सावरणारी, इतरांना टोचणारी आणि स्वतःला कमी लेखणारी. ही विभागणी उपयुक्त आहे, पण या प्रसंगात ती अपुरी पडते. नक्कल पूर्णपणे जोडणारी होती, कोणाला टोचत नव्हती आणि तरीही धोकादायक होती. आरोग्यसेवेत विनोद सौम्य आहे का, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या खुणेची जागा घेतो आहे हेही पाहावे लागते.

तिसरा प्रसंग मृत्यूचा. गुप्तहेराला मारणारे काका एका रविवारी घरीच गेले. सोमवारी त्यांचे शेवटचे वाक्य फळ्यावर तसेच होते आणि ते विनोदी होते. कर्मचाऱ्यांत दोन मते पडली. काहींना फळा रुग्ण येण्याआधी पुसावा असे वाटले, कारण शेजारच्या खाटांवर त्यांना ओळखणारी माणसे येणार होती. पूर्वी अशा वेळी रूढ पद्धत म्हणजे काही न बोलणे ही होती. खाटेवर दुसरा रुग्ण येई आणि विचारणाऱ्याला ‘ते आता येत नाहीत’ एवढेच सांगितले जाई. इन्चार्ज सिस्टरांनी फळा तसाच ठेवून, आलेल्या प्रत्येक रुग्णाला सुया लागून स्थिर झाल्यावर बातमी स्वतः सांगितली आणि गोष्टीचे काय करायचे ते विचारले. एकाने थांबवा म्हटले. बहुतेकांनी चालू ठेवा म्हटले. दुपारच्या शिक्षिकाबाईंनी मात्र दोन खेपा वाक्य देणार नाही असे सांगितले, आणि दोन खेपा दिले नाही. ज्याने थांबवा म्हटले होते त्याच्या खाटेजवळ पुढे वाक्य मागायला कोणी गेले नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो, कारण त्यात सर्वांना एकाच मार्गाने नेण्याचा अट्टहास नव्हता. त्या आठवड्यात सामानाच्या खोलीतले विनोदही थांबले, आणि एक तंत्रज्ञ तिथे रडला तेव्हा दार उघडेच होते.

काय निष्पन्न झाले

बदलीचा अर्ज दिलेल्या दोघींपैकी एकीने तो मागे घेतला; दुसरी गेली. जाताना तिने सांगितले की विभाग आता चांगला आहे, पण पाठ दुखते आणि पाळी तीच आहे. खेळकरपणाने मनुष्यबळाचा प्रश्न सुटत नाही, हे तिच्याहून नेमके कोणी सांगितले नाही. थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी वाढल्या. प्रशासनाला आधी ते वाईट चिन्ह वाटले. पण नोंदी नीट वाचल्यावर लक्षात आले की पूर्वी ज्या गोष्टी गिळल्या जात त्या आता सांगितल्या जात होत्या. अलार्मच्या नकलेचा प्रसंगही त्यांत होता आणि तो स्वतः तंत्रज्ञाने लिहिला होता.

रुग्णांना क्रमांकाने संबोधणे पूर्णपणे गेले नाही. घाईत ते येतेच. सामानाच्या खोलीतला काळा विनोदही शिल्लक आहे, आणि तो मोडायचा प्रयत्न कोणी केला नाही हे योग्यच झाले. इतक्या मृत्यूंच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांना रुग्णांच्या कानाआड अशी एक जागा लागते. फरक एवढा झाला की हसण्याची ती एकमेव जागा राहिली नाही.

यश दिसू लागताच प्रशासनाने इतर विभागांसाठी परिपत्रक तयार केले : प्रत्येक विभागात एक फळा, एक गोष्ट, आणि रोजची वाक्ये नोंदवायला एक रजिस्टर. इन्चार्ज सिस्टरांनी कपाटातले जुने बीपीचे रजिस्टर काढून बैठकीत टेबलावर ठेवले आणि ते बंद करायला किती खटाटोप लागला ते सांगितले. परिपत्रकातून रजिस्टर वगळले गेले. फळे मात्र आले, आणि माझ्या माहितीप्रमाणे बहुतेक विभागांत ते कोरे आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी त्यांचे खडे विचारायला हवे होते.

काय वेगळे करता आले असते

सुरुवातीला कोणतीही मोजणी केली नाही. थकव्याची एखादी प्रमाणित प्रश्नावली आधी आणि नंतर भरून घेतली असती, तर ‘बरे वाटते’ यापलीकडे काही सांगता आले असते. ज्या काळात नोंदींचे ओझे कमी झाले त्याच काळात गोष्टही सुरू झाली, त्यामुळे कशाने काय झाले हे आता वेगळे करता येत नाही. माझा कल ओझ्याच्या बाजूने आहे. विभागातल्या परिचारिकांचा गोष्टीच्या बाजूने.

सफाई करणाऱ्या मावशींना पहिल्या संभाषणांत बोलावले नव्हते. त्या स्वतःहून फळ्यापाशी आल्या तेव्हा लक्षात आले की कोणत्या रुग्णाला काय आवडते याची सर्वांत चांगली माहिती त्यांच्याकडे होती, कारण त्या हातात कागद न घेता खाटेजवळ जात. त्यांना आरंभापासून घेतले असते तर पहिले दोन फसलेले प्रयत्न, जे इथे सांगण्याइतके महत्त्वाचे नाहीत, टळले असते.

फळा वाचू न शकणाऱ्यांचा आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा विचार उशिरा झाला. पुढे गोष्ट पाळीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत पडली, पण त्यामुळे ज्यांना शांतता हवी होती त्यांची अडचण झाली. त्यावर उशाशी ठेवायच्या निळ्या कार्डाची तोड निघाली : कार्ड उभे असले की उपचारापलीकडचे काहीही बोलायचे नाही, आणि कारण विचारायचे नाही. हे कार्ड पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. नाही म्हणण्याची सोय नसेल तर चार तास दोन सुयांनी खाटेला बांधलेल्या माणसाची संमती ही संमतीच नव्हे.

शेवटचा मुद्दा इन्चार्ज सिस्टरांवरच्या अवलंबनाचा. त्या दीर्घ रजेवर गेल्या तेव्हा गोष्ट काही दिवसांत थांबली. लिहिणारे तेच होते, रुग्णही तेच होते. पण तात्पुरत्या इन्चार्जांनी मनाई केली नव्हती तशी परवानगीही दिली नव्हती, आणि कोणी विचारायला गेले नाही. त्या परतल्यावर परवानगीचे ते वाक्य, डॉक्टरांच्या अटीसह आणि वजन व अलार्म यांविषयीच्या दोन नियमांसह, विभागाच्या लेखी कार्यपद्धतीत घातले गेले. नव्या माणसाला रुजू होताना सुया, नळ्या आणि निर्जंतुकीकरण यांच्याबरोबर आता तेही वाचून दाखवले जाते.